थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा लिंडबर्ग

१६ सप्टेंबर १९२६ ची संध्याकाळ. अमेरिकेतील सेंट लुईस शहरातून टपालाच्या थैल्या घेऊन शिकागोकडे निघालेले एक विमान वाटेत धुक्यात सापडले. शिकागोजवळच्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांनी खुणेसाठी प्रखर दिवे लावून ठेवले होते, परंतु धुक्याचा थर इतका दाट होता की वरून काहीच दिसत नव्हते. वैमानिक घिरट्या घालत राहिला. त्याच्या हिशेबाप्रमाणे मुख्य टाकीत अजून पुरेसे पेट्रोल शिल्लक होते. रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी इंजिन एकाएकी बंद पडले. त्याने राखीव टाकीची तोटी उघडली. तिच्यात जेमतेम वीस मिनिटांचे इंधन होते. तेही संपत आले, तेव्हा सुमारे पाच हजार फूट उंचीवरून त्याने पॅराशूटसह अंधारात उडी घेतली.

खरा थरार त्यानंतर घडला. इंजिन कायमचे थांबले, अशी समजूत झाल्याने त्याने उडी मारण्यापूर्वी स्विच बंद केला नव्हता. विमानाचे नाक खाली झुकताच टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचले आणि इंजिन पुन्हा धडधडू लागले. चालक नसलेले विमान वर्तुळे घेत पॅराशूटला लटकलेल्या आपल्याच चालकाभोवती फिरू लागले. सुदैवाने टक्कर झाली नाही. वैमानिक मक्याच्या शेतात उतरला. विमानाचा चुराडा झाला, पण टपाल सापडले आणि पुढच्या गाडीने शिकागोकडे रवानाही झाले.

चौकशीत जे निष्पन्न झाले ते फार साधे होते. विमानात एरवी ११० गॅलनची, म्हणजे सुमारे ४१६ लिटरची टाकी असे. ती दुरुस्तीसाठी काढताना मेकॅनिकने तिच्या जागी ८५ गॅलनची टाकी बसवली आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. कमी पडलेले पंचवीस गॅलन म्हणजे त्या इंजिनाचे जवळपास तासाभराचे उड्डाण. सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारता आला असता. परंतु निघण्यापूर्वी टाकीत नेमके किती पेट्रोल मावते आणि किती भरले, हे पाहणे वैमानिकाचेही काम होते. त्या दिवशी ते झाले नव्हते.

त्या वैमानिकाचे नाव चार्ल्स ऑगस्टस लिंडबर्ग. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि टपाल कंपनीबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. आठ महिन्यांनी तो जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस झाला. ‘लकी लिंडी’ हे नाव वृत्तपत्रांनी त्याला चिकटवले आणि ते कायमचे चिकटले. या नावाने लिंडबर्ग यांच्यावर अन्यायच झाला, असे म्हणावे लागेल. अटलांटिक त्यांनी एकट्याने ओलांडला तो नशिबाच्या भरवशावर नव्हे. त्यामागे पेट्रोलच्या गॅलनागॅलनाचा आणि सामानाच्या औंसाऔंसाचा हिशेब होता.

लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी डेट्रॉईटमध्ये झाला. बालपण गेले ते मिनेसोटा राज्यातील लिटल फॉल्स या गावी. वडील अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते, आई रसायनशास्त्राची शिक्षिका. आई-वडिलांचे पटत नसे. त्यामुळे मुलाची ओढ माणसांपेक्षा यंत्रांकडे अधिक. विस्कॉन्सिन विद्यापीठातील यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम त्यांनी अर्ध्यावर सोडला आणि १९२२ मध्ये नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे विमानविद्येचे धडे गिरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पाचशे डॉलरना सैन्याने मोडीत काढलेले ‘जेनी’ जातीचे जुने विमान विकत घेतले, जत्रांमधून हवाई कसरती केल्या, खेडुतांना फेरफटका मारून आणला. १९२५ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षणातून ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. शंभराहून अधिक उमेदवारांच्या त्या तुकडीत शेवटपर्यंत टिकले होते अवघे वीसेक.

एप्रिल १९२६ मध्ये सेंट लुईस ते शिकागो हा टपालमार्ग सुरू झाला आणि लिंडबर्ग त्याचे मुख्य वैमानिक झाले. त्या काळातली ही नोकरी जिवावर बेतणारी होती. हवामानाचा अंदाज म्हणजे पुढच्या गावच्या माणसाने दूरध्वनीवर सांगितलेली आभाळाची स्थिती. सप्टेंबरच्या प्रसंगाला दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ३ नोव्हेंबरच्या रात्री वादळी हवेत पुन्हा तीच वेळ आली. इंधन संपत आले, जमीन दिसेना, आणि त्यांनी पुन्हा पॅराशूटचा आधार घेतला. जीव वाचवण्यासाठी मारलेली ही त्यांची चौथी उडी. पहिल्या दोन उड्यांचा इंधनाशी संबंध नव्हता. नंतरच्या दोन मात्र पेट्रोल संपल्यामुळेच माराव्या लागल्या होत्या.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये वेगळेच नाट्य रंगले होते. रेमंड ऑर्टिग या हॉटेलमालकाने १९१९ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर न थांबता विमानाने पार करणाऱ्यास पंचवीस हजार डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. २१ सप्टेंबर १९२६ रोजी, म्हणजे लिंडबर्ग मक्याच्या शेतात उतरले त्यानंतर पाचच दिवसांनी, फ्रान्सचे युद्धवीर रेने फाँक यांचे तीन इंजिनांचे अवजड विमान न्यूयॉर्कच्या धावपट्टीवरून वर उठलेच नाही. ते पेटले आणि चौघांपैकी दोघे जळून मेले. पुढील एप्रिलमध्ये नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर हे दोन नौदल अधिकारी भारमानाची चाचणी घेताना व्हर्जिनियात मृत्युमुखी पडले. सागर ओलांडायचा तर प्रचंड पेट्रोल हवे, आणि प्रचंड पेट्रोल घेतले तर विमान उठत नाही, असा हा पेच होता.

लिंडबर्ग यांनी तो उलट्या बाजूने सोडवायचे ठरवले. स्पर्धक दोन-तीन इंजिने, तीन-चार माणसे आणि मऊ गाद्यांच्या आसनांसह निघत होते. लिंडबर्ग यांचा विचार असा की, तीन इंजिने म्हणजे बिघाडाची शक्यताही तिप्पट. शिवाय इंधनाने लादलेले विमान सुरुवातीच्या तासांत एक इंजिन गेले तरी तरंगू शकणार नाही. म्हणून एकच इंजिन आणि एकच माणूस. दुसऱ्या माणसाच्या वजनाइतके पेट्रोल नेता येईल. सेंट लुईसच्या काही व्यापाऱ्यांनी पंधरा हजार डॉलरचे भांडवल उभे केले. त्यात दोन हजार लिंडबर्ग यांचे स्वतःच्या बचतीतले होते. एका नामांकित कंपनीने विमान देण्याची तयारी दाखवली, पण वैमानिक आम्ही निवडू, अशी अट घातली. लिंडबर्ग तेथून उठून आले.

सॅन डिएगोमधील रायन एअरलाइन्स या लहानशा कारखान्याने काम स्वीकारले आणि दोन महिन्यांत पार पाडले. अभियंता डोनाल्ड हॉल आणि लिंडबर्ग यांनी शहराच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन तेथील पृथ्वीगोलावर दोरा ताणून न्यूयॉर्क ते पॅरिस अंतर मोजले. ते सुमारे ३,६०० मैल भरले. विमान ४,००० मैल जाईल असे करायचे ठरले, म्हणजे चारशे मैलांचे राखीव इंधन. एकूण पाच टाक्या, तीन पंखांत आणि दोन धडात. प्रत्यक्षात तयार झालेल्या टाक्या ठरल्यापेक्षा पंचवीस गॅलन मोठ्या निघाल्या आणि एकूण क्षमता ४५० गॅलन, म्हणजे १,७०० लिटरवर गेली. मुख्य टाकी कुठे ठेवायची, यावरही बराच खल झाला. सोयीची जागा वैमानिकाच्या पाठीमागे होती. पण विमान कोसळले तर माणूस इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये चिरडला जातो, हे टपाल विमानांच्या अपघातांत दिसून आले होते. म्हणून टाकी पुढे आली आणि वैमानिकाच्या समोरची काचच नाहीशी झाली. समोरचे पाहायचे तर बाजूच्या खिडकीतून मान काढून, नाहीतर लहानशा पेरिस्कोपमधून.

यानंतर सुरू झाली वजनाची कात्री. रेडिओ नको, पॅराशूट नको, रात्रीचे दिवे नकोत, तारे पाहण्याचे सेक्स्टंट यंत्र नको. बसायला वेताची हलकी खुर्ची. वहीची नको असलेली पाने फाडून टाकली, नकाशांचे निरुपयोगी भाग कापले. बरोबर एक पौंड टपाल नेण्यासाठी एका तिकीटसंग्राहकाने हजार डॉलर देऊ केले, तेही नाकारले. सर्वांत चमत्कारिक बाब म्हणजे, टाकीत पेट्रोल किती उरले हे दाखवणारे काटेही त्यांनी बसवू दिले नाहीत. त्या काळातले ते मापक बेभरवशाचे असत. त्यांच्यापेक्षा घड्याळ आणि पेन्सिल बरी, असा त्यांचा हिशेब होता. लहान विमानांचे वैमानिक आजही केवळ काट्यावर विसंबत नाहीत. उड्डाणापूर्वी टाकीचे झाकण उघडून पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचे आणि तळाची तोटी सोडून त्यात पाणी तर उतरले नाही ना, हे पारखायचे, हा नित्याचा परिपाठ आहे. गंतव्य गाठल्यावर दिवसा किमान तीस आणि रात्री पंचेचाळीस मिनिटे पुरेल इतके इंधन टाकीत असलेच पाहिजे, असा अमेरिकेचा नियम सांगतो. १९२६ मध्ये असा काही दंडक नव्हता. ज्याचा त्याचा अंदाज आणि ज्याची त्याची छाती.

चाचण्याही पायरीपायरीने झाल्या. दर फेरीला थोडे थोडे पेट्रोल वाढवत विमान ३०० गॅलनपर्यंत नेले आणि तेथेच थांबवले. एवढे वजन घेऊन खडबडीत जमिनीवर पुन्हा पुन्हा उतरले तर चाके मोडण्याची भीती होती. पूर्ण ४५० गॅलन घेऊन विमान उठते की नाही, हे त्यामुळे प्रत्यक्ष प्रस्थानापर्यंत कागदावरच राहिले. मे महिन्यात सॅन डिएगोहून न्यूयॉर्ककडे येताना ॲरिझोनाच्या डोंगरांवर रात्रीच्या गारठ्यात इंजिन अडखळू लागले. कार्बुरेटरमध्ये बर्फ धरत असल्याची शंका आली. न्यूयॉर्कला पोचताच त्यांनी आत जाणारी हवा तापवण्याची व्यवस्था बसवून घेतली. हे दुखणे अटलांटिकवर कळले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्याच सुमारास, ८ मे रोजी, पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघालेले फ्रेंच वैमानिक नंजेसर आणि कोली समुद्रावर कायमचे नाहीसे झाले होते.

२० मे १९२७ ची पहाट पावसाळी होती. सगळ्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, झोपेची मात्र रिकामी होती. आदल्या रात्री लिंडबर्ग यांचा डोळा लागलाच नव्हता. ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’चे वजन सुमारे ५,२५० पौंड भरले आणि त्यातले निम्म्याहून अधिक निव्वळ पेट्रोलचे होते. रूझवेल्ट फील्डची जमीन चिखलाने माखलेली, वारा ऐनवेळी पाठीमागून वाहू लागलेला, आणि दमट हवेमुळे इंजिनाचे फेरेही नेहमीपेक्षा तीस कमी. यातली एकेक गोष्ट बेत रद्द करायला पुरेशी ठरली असती. तरीही सात वाजून बावन्न मिनिटांनी ते निघाले. चिखलात फरपटत, दोनदा उसळून विमान वर उठले आणि समोरच्या तारांवरून अवघ्या वीसेक फुटांच्या फरकाने गेले. काटेकोरपणाच्या या कथेत हा एक जुगार होता, हे मान्य केले पाहिजे.

पुढचे साडेतेहतीस तास म्हणजे झोपेशी आणि हिशेबाशी झुंज. मार्गाचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले होते. दर तासाला होकायंत्रावरील दिशा किंचित बदलायची. ठरावीक वेळाने एका टाकीची तोटी बंद करून दुसरीची उघडायची, म्हणजे तोलही बिघडत नाही आणि कोणत्या टाकीतून किती खर्च झाला तेही कळते. प्रत्येक तासाची नोंद समोरच्या उपकरणांच्या फळीवर पेन्सिलीच्या एका रेघेने करायची. डोळे मिटत होते, भास होत होते, पण रेघा चुकल्या नाहीत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेल्या त्या विमानाच्या फळीवर त्या आजही दिसतात.

आयर्लंडचा किनारा अपेक्षेपेक्षा लवकर आणि ठरलेल्या मार्गापासून जेमतेम काही मैलांच्या अंतरावर दिसला. विमान आता हलके झाले होते, पेट्रोल मुबलक होते. म्हणून लिंडबर्ग यांनी वेग वाढवला. फ्रान्सचा किनारा उजेडात गाठायचा होता. २१ मे रोजी रात्री दहा वाजून बावीस मिनिटांनी ते पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरले. लाखाहून अधिक माणसे मैदानात घुसली. आठवण म्हणून लोकांनी विमानाचे कापडही फाडून नेले. नंतर टाक्या मोजल्या, तेव्हा ८५ गॅलन पेट्रोल शिल्लक निघाले. आणखी हजारेक मैल पुरेल इतके. आठ महिन्यांपूर्वी ज्या टाकीने दगा दिला होता, तिची क्षमताही नेमकी तेवढीच होती. योगायोगच, पण विलक्षण.

कीर्ती मिळाली आणि ती जड गेली. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या सर्व ४८ राज्यांत विमान नेऊन दाखवले. या संपूर्ण दौऱ्यात ते फक्त एकदा उशिरा पोचले. १९२९ मध्ये त्यांचा विवाह ॲन मॉरो यांच्याशी झाला. ॲन स्वतः वैमानिक आणि रेडिओचालक झाल्या. पुढे लेखिका म्हणून त्यांनी नाव मिळवले. १९३१ मधील चीन-जपानच्या सफरीपूर्वी पती-पत्नींनी प्रत्येक वस्तू काट्यावर तोलून घेतली होती. १ मार्च १९३२ रोजी त्यांच्या वीस महिन्यांच्या मुलाचे घरातून अपहरण झाले. मे महिन्यात त्याचा मृतदेह सापडला. वृत्तपत्रांचा ससेमिरा असह्य होऊन हे कुटुंब १९३५ च्या अखेरीस इंग्लंडला गेले. तेथून १९३७ मध्ये दोघे आपल्या छोट्या ‘माइल्स मोहॉक’ विमानातून भारतातही येऊन गेले. याच काळात शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल यांच्याबरोबर त्यांनी शरीराबाहेर काढलेले अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप तयार केला.

पण जो माणूस टाकीतल्या थेंबाचा हिशेब चुकू देत नसे, त्याचे राजकारणातील हिशेब मात्र साफ चुकले. नाझी जर्मनीच्या हवाई सामर्थ्याने ते भारावून गेले. १९३८ मध्ये त्यांनी गोअरिंगच्या हातून पदक स्वीकारले आणि नंतरही ते परत केले नाही. अमेरिकेने युद्धात उतरू नये यासाठी त्यांनी देशभर सभा घेतल्या. सप्टेंबर १९४१ मध्ये डि मॉइन येथील भाषणात देशाला युद्धाकडे ढकलणाऱ्यांमध्ये त्यांनी ज्यूंचीही गणना केली. त्या भाषणाचा डाग कधीच पुसला गेला नाही. पर्ल हार्बरनंतर त्यांनी सैन्यात परतण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने दार उघडले नाही.

मग ते मागच्या दाराने, विमान कंपनीचे मुलकी तंत्रज्ञ म्हणून युद्धभूमीवर पोचले. १९४४ च्या जूनअखेरीस न्यू गिनी बेटावरील हॉलंडिया येथे, म्हणजे आज इंडोनेशियात असलेल्या जयापुरा येथे, ४७५ व्या फायटर ग्रुपच्या तळावर बेचाळीस वर्षांचा हा पाहुणा उतरला. तेथील तरुण वैमानिकांपैकी बहुतेक जण १९२७ साली शाळेतली पोरे होती. ‘पी-३८ लाइटनिंग’ विमाने घेऊन सगळे एकत्र जात आणि एकत्रच परतत. काही दिवसांतच मेकॅनिकांना एक गोष्ट खटकली. इतरांच्या टाक्या तळाला गेलेल्या असत, आणि लिंडबर्ग यांच्या विमानात मात्र भरपूर पेट्रोल उरलेले असे.

तळप्रमुख कर्नल चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी वैमानिकांना गोळा करून लिंडबर्ग यांना बोलते केले. युक्ती साधी होती. बहुतेक वैमानिक इंजिन जोरात फिरवत आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त ठेवत. लिंडबर्ग यांनी इंजिनाचे फेरे मिनिटाला सोळाशेपर्यंत उतरवायला, आत शिरणाऱ्या हवेचा दाब वाढवायला आणि पेट्रोलचे मिश्रण विरळ करायला सांगितले. मोटार वरच्या गिअरमध्ये संथ इंजिनावर चालवावी, तसाच हा प्रकार. अंतर तेच, घर्षण कमी, इंधन कमी. अशाने इंजिने जळतील, अशी कुरकूर झाली. ती भीती निराधार ठरली. सहा ते आठ तासांत परतणारी विमाने नऊ-नऊ तास हवेत राहू लागली आणि आधी आवाक्याबाहेर असलेली जपानी ठाणी आवाक्यात आली. ही वार्ता जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्यापर्यंत गेली आणि त्यांनी इतर तुकड्यांनाही हे शिकवण्यास मोकळीक दिली. मुलकी माणसाने लढू नये हा नियम कागदावरच राहिला. लिंडबर्ग यांनी पन्नासेक मोहिमांत भाग घेतला आणि २८ जुलै रोजी एक जपानी विमानही पाडले. पेट्रोल वाचवल्यामुळे समुद्रात बुडण्याऐवजी तळावर परतलेले वैमानिक किती, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

युद्धानंतर त्यांनी अटलांटिक उड्डाणाची हकिकत नव्याने लिहिली. १९५४ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. उत्तरायुष्यात ते देवमासे, जंगले आणि आदिवासी जमातींच्या रक्षणासाठी फिरत राहिले. या भटकंतीच्या आडोशाने युरोपात तीन स्त्रियांपासून त्यांना सात अपत्ये झाली होती, हे २००३ नंतर उजेडात आले. पत्नीलाही न कळता अनेक वर्षे हा दुहेरी संसार चालला. तेथेही वेळापत्रक कधी चुकले नाही म्हणायचे.

१९७४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रुग्णालयात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कर्करोगाने पोखरलेल्या लिंडबर्ग यांनी हवाई बेटांतील माऊई येथे परतण्याचा आग्रह धरला. ते प्रवासी विमानाच्या आसनांवर आडवे होऊन गेले. तेथील शेवटचा आठवडा त्यांनी तयारीत घालवला. कबर किती खोल असावी, पावसाचे पाणी कसे निचरावे, शवपेटी कोणत्या लाकडाची असावी, अंगावर कामाचे साधे कपडे असावेत, हे सारे त्यांनी स्वतः ठरवून दिले. २६ ऑगस्टच्या सकाळी त्यांचा मृत्यू झाला. किपाहुलू येथील समुद्रकाठच्या छोट्या चर्चच्या आवारात त्याच दिवशी, पत्रकारांचे जथे बेटावर पोचण्यापूर्वीच, त्यांचे दफन उरकले होते.